हँडल फिरवणारा हात

गिरगाव, १९११

एप्रिलचा उकाडा आहे. तुमचं वय दहा. या प्रवासात ते वाढणार नाही. साल बदलेल, अंगावरचे कपडे बदलतील, रस्त्यांची नावं बदलतील, पण तुम्ही दहाचेच राहाल. शेवटी एकदाच मोठं व्हावं लागेल, तेही एका सभेपुरतं.

गिरगाव रोडवरून विजेची ट्राम खडखडत जाते. तिला येऊन चारच वर्षं झालीत. त्याआधी ट्रामला घोडे जुंपलेले असत, हे घरातली मोठी माणसं तुम्हाला दिवसातून दोनदा तरी ऐकवतात. तुम्ही अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये शिरता. आज पडद्यावर ‘अमेझिंग अ‍ॅनिमल्स’ आहे. दिवे मालवतात आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर जनावरं चालू लागतात. पुढच्या रांगेत चाळिशीचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन बसलेत. मुलाचं नाव भालचंद्र. तो आज घरी जाऊन आईला सांगेल की भिंतीवर जनावरं चालताना पाहिली, आणि घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. मग वडील, म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला घेऊन येतील. ईस्टरचे दिवस असल्यामुळे त्यांना जनावरांऐवजी येशूचं चरित्र बघायला मिळेल. त्यातून पुढे काय घडलं ते तुम्ही शाळेत शिकलेले आहात.

पण आज तुम्ही पडद्याकडे पाठ करून बसा. मागे प्रकाशाचा झोत जिथून निघतो तिथे एक माणूस उभा आहे आणि तो हाताने हँडल फिरवतोय. सेकंदाला साधारण सोळा चित्रं झोतासमोरून जावीत, इतकाच त्याच्या मनगटाचा हिशेब. तो दमला की पडद्यावरची जनावरंही रेंगाळतात. सगळं थिएटर समोर बघतंय. तुम्हाला मात्र कळून चुकलंय की जनावरं या माणसाच्या हातात आहेत.

काही दिवसांनी संध्याकाळी तुम्ही चर्नी रोडच्या इस्माईल बिल्डिंगमध्ये जाता. फाळक्यांनी एक छोटं फिल्मयंत्र आणि काही रिळं आणली आहेत. दिवा म्हणून मेणबत्ती, तिच्यापुढे फिल्म, मग भिंग आणि समोर भिंत. घरातली पोरं भिंतीसमोर दाटीवाटीने बसलीत. चित्र पडतं, पण उलटं. घोडा पाय वर करून धावतोय. पोरं हसून लोळतात. तुम्ही मात्र विचारात पडता आणि फिल्मची पट्टी उलटी धरून बघता. घोडा सरळ होतो. मग भिंग फिल्मच्या जरा जवळ सरकवता, तर चित्र मोठं होतं आणि पार पुसट होतं. आता भिंत मागे नेली पाहिजे. भिंत काही मागे जात नाही, म्हणून सगळं टेबलच मागे ओढता. चित्र पुन्हा स्वच्छ, पण फिकं, कारण मेणबत्ती तेवढीच आणि भिंतीवरची जागा मोठी. भिंगाचा नियम अजून कुणी सांगितलेला नाही, पण तो तुमच्या दोन्ही हातांना माहीत झालाय.

मग हँडलची पाळी येते. सावकाश फिरवलं की चित्रं एकेक सुटी दिसतात. वेग वाढवला की ती एकमेकांत मिसळतात आणि घोडा पळू लागतो. सुटी चित्रं संपून घोडा नेमका कुठे पळायला लागतो, ती सीमा तुम्ही पुढेमागे करून शोधता. मध्येच थांबून एक चित्र निरखायचा मोह होतो, पण तो आवरायचा. ही फिल्म भडकन पेट घेते आणि पुढ्यात उघडी ज्योत आहे.

दादर, १९१२

आता दादर. गिरगावकरांच्या दृष्टीने हे गावाबाहेर. फाळके लंडनला जाऊन आलेत, आणि मथुरा भवनात बिऱ्हाड हलवून त्यांनी काचेची एक खोली नि एक अंधारखोली उभारली आहे. मे महिन्यात परदेशाहून कॅमेरा आणि प्रोजेक्टर येतो. सोबतच्या आराखड्यावरून चार दिवसांत ते यंत्र जोडतात. चालतं का हे बघायला समोर कुणीतरी हवं, म्हणून आसपासच्या मुलामुलींना बोलावतात. त्यात तुम्हीही आहात. धावता, उड्या मारता, कॅमेऱ्याला वेडावून दाखवता. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची असतात. ते काम आणि फिल्म धुण्याचं काम घरातली माणसं शिकून घेतात. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्यात आघाडीवर. घराचीच प्रयोगशाळा झालेली आहे आणि तिथे ‘मोठ्यांचं काम चाललंय, लांब व्हा’ असं कुणी म्हणत नाही.

मग एक दिवस कुंडीत वाटाणे पेरले जातात आणि कॅमेरा कुंडीसमोर खिळवला जातो. रोज थोडंसं चित्रीकरण, बाकी वेळ कॅमेरा गप्प. तुम्ही रोज शाळेतून आल्यावर डोकावता. पहिले काही दिवस नुसती माती. मग हिरवं टोक. मग काहीच घडत नाही असं वाटणारा एक कंटाळवाणा आठवडा. महिन्याभराने ती फिल्म धुऊन भिंतीवर येते. मिनिटभरात माती फुटते, कोंब मान वर काढतो, पानं उलगडतात, वेल चढू लागते. तुम्ही जो आठवडा फुकट गेला म्हणून वैतागला होता, त्यातही तिचं काम चालूच होतं. वाटाण्याचे ताणे आधार शोधत हवेत गोल गोल फिरतात. तो फेरा इतका संथ असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वेळ आवळला की दिसतो.

‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचं नाव. फाळक्यांना तो हवा होता पैसे उभे करायला, आणि तो दाखवल्यावर कर्ज मिळालंही. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला. त्यात हरिश्चंद्राचा मुलगा झाला होता भालचंद्र. पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा पटही केला. त्यात काड्या हलून आकार धरतात. सिनेमाच्या इतिहासात हे दोन लघुपट तळटिपेत जातात. मुलांनी विज्ञान कसं शिकावं याचा मुंबईतला इतिहास लिहायचा झाला, तर माझ्या मते सुरुवात या दोघांपासून करावी लागेल. एका यंत्राने मुलाच्या हातात काळ दिला: सावकाश कर, जलद कर, थांबव, पुन्हा बघ.

मधली वर्षं

आता भराभर पुढे चला. सालं मोजू नका, कारण बघण्यासारखं फार थोडं आहे. तुम्ही शाळेच्या विज्ञान खोलीत आहात. समोर काचेचं कपाट. आत भिंगं, चुंबक, कंपासपेट्या, तांब्याच्या तारा, पितळी वजनं. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. आतल्या प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. वस्तू फुटली तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग शिक्षक शहाणपणाचा मार्ग धरतात. प्रयोग फळ्यावर होतो: आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमान आधीच पुस्तकात छापलेलं असतं. तुम्ही ते पाठ करता आणि पैकीच्या पैकी मिळवता.

सगळेच असे नव्हते. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञान मराठीतून, शाळेच्या भिंतीबाहेर बोललं जावं म्हणून धडपडणारी माणसं या शहरात होती. पण कपाटाचं कुलूप काढायला आणखी कुणीतरी यायला हवं होतं.

नाना चौक, १९७८

ग्रँट रोड स्टेशनातून उतरून नाना चौकात या. महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत काही खोल्यांवर पाटी आहे: होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांमधल्या विज्ञान शिक्षणात लक्ष घालू लागले, आणि १९७४ साली त्यातून हे केंद्र उभं राहिलं. धुरा सांभाळतायत वि. गो. कुलकर्णी. हे भौतिकशास्त्रज्ञ चकचकीत प्रयोगशाळा सोडून खडूच्या धुरळ्यात आलेत. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांतही त्यांचं काम चालू आहे.

तुम्ही खेतवाडीतले, महापालिकेच्या शाळेतले. एका तासाला केंद्राची माणसं तुमच्या वर्गात येतात आणि विचित्र वागतात. प्रश्न विचारतात आणि उत्तर बरोबर की चूक ते सांगतच नाहीत. ‘असं तुला का वाटतं?’ एवढंच पुन्हा. वर्गातली मुलं आधी गोंधळतात, मग सैलावतात. एक मुलगी म्हणते, ‘पुस्तकातलं वाक्य कळतच नाही, म्हणून पाठ करते.’ ते ही तक्रार लिहून घेतात. याच केंद्रात कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी अभ्यास करतायत की मूल विज्ञानात मागे पडतं ते विज्ञान अवघड म्हणून, की पुस्तकाची भाषा अवघड म्हणून. पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते, हे ते पुढे दाखवून देतील. १९८० पासून महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलांना ते काही वर्षं हाताशी धरतील, आणि ‘या मुलांना विज्ञान जमत नाही’ असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

तुम्ही घरी येता. डोक्यात तोच प्रश्न: असं मला का वाटतं? पुस्तकात लिहिलंय की ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून वर पेला पालथा घातला, तर मेणबत्ती ऑक्सिजन खाऊन विझते आणि तेवढीच जागा भरायला पाणी आत चढतं. हवेत ऑक्सिजन एकपंचमांश, म्हणून पाणीही पेल्याच्या एकपंचमांश चढतं. पाठ आहे. चाळीतल्या खोलीत ताटली, पेला, मेणबत्ती घेऊन बसता. पाणी चढतं. धाकटी बहीण विचारते, ‘तीन मेणबत्त्या लावल्या तर?’ तुम्ही ठामपणे सांगता, ‘तेवढंच चढेल. पेल्यात हवा तेवढीच आहे.’ लावून बघता. पाणी कितीतरी जास्त चढतं.

आता पंचाईत. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी जास्त का? पुन्हा करता, आणि या वेळी नजर पेल्याच्या कडेवर ठेवता. पेला टेकताना कडेखालून बुडबुडे बाहेर पडतायत. ज्योतीने तापलेली हवा फुगून बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. तीन ज्योती म्हणजे जास्त ताप, म्हणून जास्त पाणी. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो. पुस्तकातलं छापील अनुमान बहिणीच्या एका प्रश्नाने पाण्यात गेलं. साहित्याचा खर्च दोन जादा मेणबत्त्या. आई ओरडते तीही त्या मेणबत्त्यांसाठीच, कारण दिवे जातात तेव्हा त्या लागतात.

वरळी, १९७९

आंतरराष्ट्रीय बालवर्ष. बेस्टच्या बसने डॉ. ई. मोझेस रोडवर उतरता. दोन वर्षांपूर्वी इथून जवळच नेहरू तारांगण उघडलंय. आता नेहरू विज्ञान केंद्राची बाग मुलांसाठी खुली झाली आहे. इमारत अजून व्हायची आहे. आधी बाग आणि मग इमारत, हा क्रम मला फार आवडतो.

बागेत झोपाळे आहेत, पण लांबी वेगवेगळी. तुम्ही आखूड साखळीच्या झोपाळ्यावर बसता, तुमचा जाडा मित्र लांब साखळीच्या. तो जड आहे म्हणून त्याचा झोका सावकाश जातो असं तुमचं ठाम मत. जागा बदलता. आता तुमचा झोका सावकाश आणि त्याचा झपाझप. वजनाचा काही संबंधच नाही! मग दोघं लांब साखळीवर आळीपाळीने बसून मोजता. झोका तेवढाच वेळ घेतो. मीटरभर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण झोक्याला दोन सेकंद लागतात. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट, चार सेकंद. हे सूत्र पुढे वर्गात येईल. तेव्हा तुमच्या पोटात झोक्याचा तो गोळा येईल आणि वर्गमूळ कशाचं काढायचं ते विसरणार नाही.

पुढे दोन मोठ्या तबकड्या एकमेकींकडे तोंड करून, मध्ये भरपूर अंतर. मित्र पलीकडच्या तबकडीत कुजबुजतो आणि त्याचा आवाज तुमच्या कानात येतो. मध्ये उभ्या असलेल्या बाईंना काही ऐकू येत नाही. त्यांच्याबद्दलच चाललंय, हे बरंच आहे. तुम्ही डोकं इकडेतिकडे हलवून बघता. एकाच ठरावीक जागी आवाज स्पष्ट येतो, जरा सरकलं की विरतो. तबकडीच्या वक्र पृष्ठावर आपटलेला आवाज ज्या बिंदूत गोळा होतो, तो बिंदू तुम्ही कानाने शोधलात. घरी गेल्यावर तुम्ही कढई कानाला लावून बसणार आहात.

या बागेची गंमत अशी की शरीर हेच तिथलं उपकरण आहे. कप्पीने स्वतःला वर ओढताना दोरी किती लांब खेचावी लागते, तरफेच्या कुठल्या टोकाला बसलं की मोठा माणूस उचलला जातो, हे हातापायांना कळतं. चुकलात तर कुणी ओरडत नाही, फक्त वजन उचललं जात नाही. मग जागा बदलायची आणि पुन्हा बघायचं. दहा वर्षांपूर्वी, १९६९ साली, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फ्रँक ओपनहायमर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एक्स्प्लोरेटोरियम’ काढलं तेही याच विश्वासावर. पुढे अशा विज्ञान बागा देशभर झाल्या.

लालबाग, १९८१

श्रावणातली रात्र. पाळी संपल्याचा भोंगा होऊन गेलाय, पण चाळीच्या पटांगणात दिवा चालू आहे. गणपती तोंडावर आलेत. या वर्षी हलता देखावा: भीम आणि बकासुर. भीमाची गदा उठणार, बकासुराच्या डोक्यात बसणार, बकासुर मान हलवणार. मांडवाच्या मागे गिरणीतला एक फिटर बसलाय. सगळे त्याला काका म्हणतात. समोर एक मोटार, तिचा वेग कमी करणारी चाकं, आणि त्यांवर सावकाश फिरणारा एक लाकडी ढोल. ढोलावर खुंट्या ठोकलेल्या. फिरता फिरता खुंटी दांडीला लागते, दांडी तार ओढते, तार गदा उचलते. खुंटी पुढे सरकली की दांडी सुटते आणि गदा खाली येते.

‘काका, गदा दोनदा मारायची असली तर?’

‘मोटार बंद कर आधी. हं. आता तूच ठोक की खुंटी.’

तुम्ही पहिल्या खुंटीच्या अगदी शेजारी दुसरी ठोकता. मोटार चालू होते. गदा उठते, जराशी खाली येते आणि अर्ध्यावरच पुन्हा उचलली जाते. भीमाला उचकी लागल्यासारखं दिसतं. काका हसत नाहीत. ‘गदेला खाली यायला वेळ दिलास का?’ एवढंच विचारतात. तुम्ही खुंटी उपटून चार बोटं लांब ठोकता. आता बरोबर दोन घाव बसतात. बकासुराची मान मात्र अजून एकदाच हलते, म्हणजे त्याच्या दांडीसाठी आणखी एक खुंटी. भीमाच्या गदेनंतर लगेच, पण आधी नाही. अर्ध्या तासात तुम्ही क्रम, अंतर आणि पुनरावृत्ती या तीन गोष्टी हातोडीने शिकलात.

काका बिडी पेटवतात आणि सांगतात की साचेखात्यात डॉबीवर हेच चालतं. कुठल्या फेरीला कुठले धागे उचलायचे ते खुंट्या ठरवतात. त्या उचललेल्या धाग्यांखालून धोटा जातो आणि काठाला नक्षी येते. खुंट्या बदला, नक्षी बदलते. साचा तोच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये जाकार्डने याच कामासाठी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पत्रं वापरली. तीच कल्पना इंग्लंडमध्ये बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. संगणकाला हुकूम देण्याची पद्धत विणकामातून आली आहे. गिरणगावात ती तीन पाळ्यांत चालत होती आणि गणपतीत मांडवामागे पोरांना फुकट मिळत होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडतात. संप कधीच मागे घेतला जात नाही आणि गिरण्या एकेक करून मिटतात. या संपाची गोष्ट पगार, बोनस आणि जमिनींच्या हिशेबात सांगितली जाते, ते बरोबरच आहे. त्या हिशेबात आणखी एक रकाना हवा. दर चाळीत एक फिटर, एक जॉबर, एक इलेक्ट्रिशियन होता, आणि पोरांना ‘मोटार बंद कर आणि तूच ठोक’ म्हणत होता. गिरण्यांबरोबर ही शाळाही बंद पडली. तिची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती.

पुन्हा वरळी, मग पुणे

११ नोव्हेंबर १९८५. पंतप्रधान राजीव गांधी नेहरू विज्ञान केंद्राच्या इमारतीचं उद्घाटन करतात. त्यानंतरच्या एका सहलीत तुम्ही आत शिरता. दालनं थंड, प्रकाश मंद, आणि प्रत्येक काचेखाली बटण. दाबलं की दिवे लागतात, चेंडू तरंगतो, ठिणगी उडते. तुमचा वर्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बटणं दाबत पळत सुटतो. मागे यंत्रं आपापली उत्तरं देत राहतात, पण प्रश्न विचारणारे पुढच्या बटणावर पोचलेले असतात. बटणाला एकच गोष्ट विचारता येते आणि ते एकच उत्तर देतं. झोपाळ्यावर तुम्ही जागा बदललीत, खुंटी सरकवलीत. इथे सरकवायला काही नाही.

केंद्राचीही बाजू आहे. दिवसाला शेकडो हात झेलायचे तर वस्तू दणकट आणि बंदिस्त हवी. त्यामुळे जगभरच्या विज्ञान केंद्रांना हा पेच पडलाय. म्हणून आत आलात तरी बाहेरच्या बागेत पुन्हा जा. तिथे वाफेचं इंजिन, मुंबईतून १९६४ साली निवृत्त झालेली ट्राम आणि ‘मरुत’ हे लढाऊ विमानही उभं आहे. इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा नीट बघा. पुढेमागे जाणारी हालचाल गोल कशी होते ते उघड्यावर दिसतं, कारण ते लपवायची कुणाला गरज वाटली नव्हती.

आता दादरहून पुण्याची गाडी पकडा आणि २००३ नंतरच्या एखाद्या वर्षी ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात उतरा. मुक्तांगण विज्ञान शोधिकेची वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली आणि तिचं नाव ‘पुलस्त्य’. गिरगावजवळच्या गावदेवीत जन्मलेल्या पुलंना हे शिलालेखापेक्षा नक्कीच आवडलं असतं. आत अरविंद गुप्ता बसलेत. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले, टेल्कोत काम केलेले. सत्तरच्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले आणि कचऱ्यातून खेळणी करायला लागले. ते तुमच्या हातात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे देतात. ट्यूबच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा तयार होतो. चार काड्यांचा चौकोन करा, बोटाने ढकला, तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण ढकला, हलत नाही. चौकोनात कर्णाची एक काडी घातली की तोही घट्ट. लालबागच्या मांडवाच्या बांबूंना तिरक्या काठ्या का बांधतात ते तुम्हाला आत्ता कळतं. फाळक्यांच्या आगकाड्यांनी पडद्यावर मौज केली होती. या तुमच्या मुठीत आहेत आणि बिघडल्या तर नुकसान काडीचंच.

परळ, आज

वर्तमानात आलात. गिरण्यांच्या जागी मनोरे, त्यांच्या काचेत उरलेल्या चाळींची प्रतिबिंबं. शाळेत ‘अटल टिंकरिंग लॅब’ आहे. २०१६ पासून केंद्र सरकारची ही योजना चालू आहे. निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, छोटे प्रोग्रॅमेबल बोर्ड. त्याआधी २०१५ मध्ये महापालिकेच्या शाळांत आठवीच्या मुलांना टॅब मिळाले होते, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. त्यात अभ्यासक्रम भरलेला होता. ओझं हलकं झालं असेल, पण टॅबमध्ये सरकवायला खुंटी नव्हती.

लॅबमध्ये एक मुलगी ‘स्क्रॅच’वर बसलीय. २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटीने ही मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा मोफत दिली. मुलगी रंगीत ठोकळे एकाखाली एक लावतेय. पडद्यावरचं मांजर दोनदा उडी मारायला हवं, पण एकदाच उडतंय. तुम्ही मागून बघता आणि तुम्हाला लगेच कळतं: तिने दोन उड्यांच्या मध्ये ‘थांबा’चा ठोकळा घातलेला नाही. सांगायला तोंड उघडता आणि काकांचा प्रश्न आठवतो. ‘त्याला खाली यायला वेळ दिलास का?’ ती क्षणभर थांबते, ठोकळा सरकवते. मांजर दोनदा उडतं. ती पुढच्या वेळी तीनदा उडवेल आणि मग तुमच्या कल्पनेत नसलेलं काहीतरी करेल.

शेजारच्या टेबलावर निराळंच दृश्य. खोक्यातून आलेल्या किटचा रोबो, सूचनापत्रानुसार जोडलेला. काळ्या रेषेवरून धावतो, प्रदर्शनात बक्षीस मिळवतो. तो जोडणाऱ्या मुलांना विचारा, रेष पांढरी आणि जमीन काळी केली तर? सर म्हणतील, ‘नको, सेटिंग बिघडेल.’ वीस लाखांची लॅब आणि जुनं काचेचं कपाट यांच्यात त्या क्षणी काहीच फरक उरत नाही. महाग वस्तू आली की तिला हात लावण्याची भीतीही सोबत येते. उलट तोच रोबो मुलांच्या तावडीत दिला, सेन्सर उलटे लावले, वेग वाढवून तो रेषेवरून घसरू दिला, तर त्या खोक्याच्या किमतीचं चीज होतं. यंत्र स्वस्त की महाग, देशी की परदेशी, लाकडी की डिजिटल, याने मुलाच्या शिकण्यात फारसा फरक पडत नाही. मुलाला त्यात काय बदलता येतं, बदलल्यावर यंत्र खरंखरं उत्तर देतं का, आणि चुकलं तर पुन्हा करता येतं का, याने पडतो.

आता मोठे व्हा. पालक-शिक्षक संघाची सभा आहे. फी, गणवेश, स्कूलबस हे विषय होऊन जाऊ द्या. मग उभे राहून विचारा: लॅबची किल्ली कुणाकडे असते? मधल्या सुट्टीत मुलांना मिळते का? आणि या वर्षी काय काय मोडलं? ‘काहीच नाही, सगळं जसंच्या तसं आहे’ असं अभिमानाने उत्तर आलं, तर समजा की लॅब वापरलीच गेली नाही. दोष सरांना देऊ नका. डेडस्टॉक रजिस्टरवर सही त्यांची असते आणि ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. म्हणून ठराव असा मांडा: मुलांच्या हातून मोडणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी अंदाजपत्रकात रक्कम धरावी, आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा, ‘मोडताना काय कळलं’. तो रकाना मुलांनी आपल्या अक्षरात भरायचा. सूचक म्हणून तुमचं नाव घाला. मागच्या बाकावरून कुणीतरी हसेल. अनुमोदक म्हणून त्याचंच नाव लिहून घ्या.